शिरस्त्याचं टोक

ताई, नमस्कार.

मी एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीला ३१ वर्षं झाली, निवृत्तीला १४ महिने उरलेत. सहा महिन्यांपूर्वी आमच्या शाखेत एक मुलगी नव्याने रुजू झाली. कामाला नेटकी आहे, म्हणून जावक बारनिशी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंदवही, तिच्याकडे दिली. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "सर, प्रत्येक पानावरची शेवटची ओळ कोरी का सोडायची?" मी म्हणालो, "शिरस्ता आहे." ती म्हणाली, "शिरस्ता म्हणजे?" "पद्धत." "मग पद्धतच का नाही म्हणायचं? आणि हा शब्द आला कुठून?" मला सांगता येईना. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले.

घरी धाकट्या भावाला विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे, शिर अधिक रस्ता. मुख्य रस्ता, सगळे जातात ती वाट. दुसऱ्या दिवशी मी तिला तेच सांगितलं, तर तिने मोबाइलमध्ये पाहून शब्द फारसी असल्याचं सांगितलं. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलतो. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिरस्ता या शब्दाचा खरा अर्थ आणि मूळ काय? फारसी असेल तर मराठीत वापरावा का? आणि अशा मुलीला समज द्यावी की सोडून द्यावं?

– एक वरिष्ठ लिपिक

नमस्कार.

तुमचा राग त्या मुलीवर कमी आणि शेजारच्या दोघांच्या हसण्यावर जास्त आहे, हे पत्रातच दिसतं. त्याचं नंतर पाहू. आधी शब्द, कारण तो तुमच्याच टेबलावरचा आहे आणि तुमच्या कामाशी त्याचं नातं तुम्हाला वाटतं त्याहून जवळचं आहे.

मुलीने पाहिलं ते बरोबर आहे. शब्द फारसीतून आला. मूळ रूप 'सररिश्ता'. सर म्हणजे डोकं, आणि त्यावरून टोक, आरंभ. रिश्ता म्हणजे धागा. फारसीत 'रिश्तन' म्हणजे सूत कातणं; कातून निघालं ते रिश्ता. तेव्हा सररिश्ता म्हणजे धाग्याचं टोक. हिंदी सिनेमात ज्या रिश्त्यापायी तीन तास रडारड चालते तो हाच. तिथे तो माणसं बांधतो, तुमच्याकडे कागद.

'सर' तर तुम्ही दिवसातून पन्नासदा उच्चारत असाल, आणि मुलगी तुम्हाला म्हणते ते 'सर' मी त्यात धरत नाही, ते इंग्रजी. सरकार, सरदार, सरहद्द, सरनोबत या सगळ्यांच्या डोक्यावर हेच फारसी डोकं आहे. सरपंचात तर ते चक्क आपल्या पंचांवर बसलंय आणि कुणाला खटकतही नाही.

सररिश्ताचा शिरस्ता कसा झाला, तेही जिभेच्या सोयीनेच. दोन र लागोपाठ आले की जीभ एक गिळते. राहिला 'सरिश्ता'. हिंदी पट्ट्यातल्या कचेऱ्यांत तो तसाच राहिला. मराठी तोंडात मात्र स आणि श यांनी जागा बदलल्या, श पुढे आला, स मागे गेला. माझा अंदाज असा, की मराठी कानाला शिर आणि रस्ता हे दोन्ही शब्द ओळखीचे, त्यामुळे ही अदलाबदल विशेष अडली नाही. अनोळखी शब्द आला की आपण त्याला ओळखीच्या शब्दांचे कपडे चढवतो. तुमच्या भावाने केलं तेही तेच, फक्त एकट्याने केलं.

आता हे धाग्याचं टोक कचेरीत काय करत होतं?

माझ्या पहिल्या नोकरीत (नऊ वर्षं मी एका कचेरीत बारनिशीच्या टेबलावर होते, म्हणून तुमचं पत्र मला परकं वाटलं नाही) माझ्याकडे लाकडी मुठीचा एक टोच्या होता. कागदांची चळत टेबलावर दोनदा आपटून कडा सारख्या करायच्या, डाव्या कोपऱ्यात टोच्या दाबायचा, तळहाताने जरा फिरवायचा आणि भोकातून टॅग ओवायची. हिरवी सुती टॅग. तिच्या टोकाला पत्र्याची बारीक नळी असते. ती नळी शाबूत असेल तर सत्तर कागद एका दमात ओवले जातात. नळी निसटली की टोक पिंजारतं आणि पिंजारलेलं टोक भोकात शिरत नाही. मग ते ओलं करा, पिळा, पुन्हा घाला, निम्म्या कागदांतून गेलं की पुन्हा मधेच अडकतं. आमचे हेडक्लार्क नवीन माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगत: "टोक सांभाळ." त्यांना फारसी येत नव्हतं.

कागद टोचून दोऱ्यात ओवायचे आणि दोऱ्याच्या टोकाशी धरून ठेवायचे, म्हणजे हवा तो कागद हाताशी येतो. या धाग्यावरूनच दप्तर सांभाळणारा विभाग तो सररिश्ता, आणि ते सांभाळणारा माणूस सररिश्तादार, आपला शिरस्तेदार. कंपनीच्या आणि पुढे इंग्रज सरकारच्या कोर्टांत हा मोठा मानाचा माणूस. दाखल होणारा दावा त्याच्या हातातून जायचा; नमुना बरोबर आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, हे तो पाहायचा. साहेब बदलून जायचे, शिरस्तेदार तिथेच. काही राज्यांच्या न्यायालयांत हे पद आजही आहे.

या शब्दावरची एक जुनी टिंगल तुम्हाला आवडेल. युल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीत रुळलेल्या इथल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ साली काढला. त्यात शिरस्तेदाराची नोंद आहे आणि तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राउन यांनी लावलेला अर्थही दिला आहे: ज्याच्या हाती दोरीचं टोक तो शिरस्तेदार, आणि दोरी कसली, तर कळसूत्री बाहुल्या नाचवायची! स्वतः कंपनीच्या नोकरीत अनेक वर्षं काढलेला माणूस हे म्हणतोय, म्हणजे बाहुली कोण होतं ते उघड आहे. कोशकारांनी लगेच सावरून घेतलंय, की हे उपहासाने म्हटलं असावं. असेलही. पण निवृत्तीला १४ महिने उरलेला कारकून आणि परवा बदलून आलेला अधिकारी यांना एका खोलीत पाहिलेल्या कुणालाही त्यात फार उपहास दिसणार नाही.

आणि आता याहून मजेची गोष्ट. तुम्ही दिवसभर जिला 'फाइल' म्हणता तो शब्दही लॅटिन 'फिलुम'वरून आला, आणि फिलुम म्हणजेसुद्धा धागा. तिकडेही कागद तारेत नाहीतर दोऱ्यात ओवून ठेवत, त्यावरून फाइल. सरकारी मराठीत फाइलीला नस्ती म्हणतात, ती म्हणजे तरी काय, टोचून ओवलेले कागदच. संस्कृतात नियमाला 'सूत्र' म्हणतात, तेही सूतच. एक इराणकडून आलेला, एक रोमकडून फिरत फिरत इंग्रजांच्या बोटीतून उतरलेला, एक घरचा. आणि तिघेही तुमच्या टेबलावर एकमेकांना न ओळखता ३१ वर्षं शेजारी बसलेत.

इथवर 'शिरस्ता' म्हणजे दोरा, मग दप्तर, मग दप्तराचा विभाग. 'पद्धत' कुठून आली? दप्तर जिथे असतं तिथे "मागे काय केलं होतं?" याचं उत्तर असतं. नवं प्रकरण आलं की जुनं काढून पाहायचं आणि तसंच करायचं. "शिरस्ता पाहा" म्हणजे आधी "दप्तर पाहा", आणि मग हळूहळू "चालत आलंय तसं करा". हिंदीत शब्द मुख्यतः दप्तरापाशी राहिला, मराठीत तो कचेरीच्या बाहेर पडला आणि घरात, सभेत, गावात 'ठरलेली चाल' म्हणून वावरू लागला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही तो आहे. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांचा रहिवास.

पण या प्रवासात एक उलटापालट झाली, आणि तुमच्या सगळ्या प्रकरणाची मेख मला तिथे दिसते. फारसीत एखाद्या विषयात 'सररिश्ता असणं' म्हणजे त्या विषयाची जाण असणं. धाग्याचं टोक हाती आहे, तो कुठून कुठे जातो हे माहीत आहे. इराणी माणूस आजही "मला यातलं काही सररिश्ता नाही" म्हणतो, म्हणजे यातलं मला कळत नाही. आणि आपण "शिरस्ता आहे" कधी म्हणतो? कारण माहीत नसतं तेव्हा! जाणकारीचा शब्द आपण अजाणतेपणावर पांघरूण म्हणून वापरतो. तुम्ही एकटे नव्हे, सगळेच. मीही नऊ वर्षं हेच केलं.

"मग पद्धतच का नाही म्हणायचं?" हा मुलीचा प्रश्न वाटतो तितका आगाऊ नाही. पद्धत म्हणता येईल, पण शब्दाचा वास जाईल. पद्धत कुणी बसून आखलेली असू शकते, आज सकाळीही आखता येते. शिरस्ता सकाळी आखता येत नाही. या जातीचे शब्द मराठीत ढीगभर आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ओळखायची माझी साधी युक्ती म्हणजे शब्दामागून येणारं क्रियापद पाहायचं. सवय लागते. माणूस नुसता बसलेला असतो आणि ती येऊन लागते, सर्दीसारखी. खोड त्याहून चिवट, ती जडते, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तर आपण म्हणतोच. पायंडा पडतो किंवा पाडला जातो. त्यात पाय आहे, पहिल्यांदा कुणीतरी चाललेलं असतं. म्हणून कचेरीत पायंड्याची इतकी भीती. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, तसं. रूढी चालत येते, मुळात ती 'रुह्' म्हणजे उगवणं, वाढणं या धातूतली, त्यामुळे तिला कुणी लावलेलं नसतं, ती रानासारखी वाढलेली असते. प्रघात पडतो; त्यात घात का आहे हा प्रश्न मला शाळेपासून पडतोय. परिपाठ ठेवावा लागतो, आपोआप होत नाही. शाळेत सकाळी प्रार्थनेला उभं करतात त्यालाही परिपाठच म्हणतात, आणि तो आपोआप होत नाही हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

यातला 'वहिवाट' हा शब्द कायद्याच्या दारापर्यंत गेलेला. दुसऱ्याच्या जमिनीतून कुणी उघडपणे, हक्काने आणि अखंड २० वर्षं जा-ये केली, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे त्या वाटेवर त्याचा हक्क मागता येतो. म्हणजे पावलांनाही मुदत पुरी करावी लागते. शिरस्त्याला असली मुदत नाही. तो दोन वर्षांचा असला तरी दोनशे वर्षांचा असल्यासारखा बोलतो.

आणि शिरस्त्याचं क्रियापद? "शिरस्ता आहे." बस, 'आहे'. लागत नाही, पडत नाही, कुणी पाडत नाही. त्या वाक्यात करणारा माणूसच नाही. म्हणून ते वाक्य इतकं सोयीचं, आणि म्हणूनच "का?" या प्रश्नापुढे इतकं उघडं पडतं.

एक सावधगिरीची गोष्ट सांगते. शब्दाचं मूळ सापडलं म्हणून आजचा अर्थ मुळाप्रमाणे बदलत नाही. उद्या तुम्ही शाखेत जाऊन "शिरस्ता म्हणजे धाग्याचं टोक, सबब यापुढे पद्धतीला शिरस्ता म्हणणं चूक" असं बजावलंत, तर ते दोघे पुन्हा हसतील आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल. संस्कृत पंडितांचं यावर जुनं वचन आहे: योगाद्रूढिर्बलीयसी. योग म्हणजे शब्दाच्या घटकांतून निघणारा अर्थ, रूढी म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला. दोघांत भांडण लागलं की रूढी जिंकते. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचं गवत नीट आणणारा. आज कुशल कारागिराला कुणी गवत आणायला धाडत नाही. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. चिखलात किडेही जन्मतात, त्यांना आपण पंकज म्हणत नाही. तुमच्या माझ्या ओळखीचं वचन 'शास्त्राद्रूढिर्बलीयसी' आहे, शास्त्रापेक्षा रूढी जबर. आधीचं शब्दांबद्दल बोलतं, हे माणसांबद्दल, पण दोन्हीकडे हरते कोण ते पाहून ठेवा.

तेव्हा धाग्याच्या टोकाचा उपयोग लोकांचं मराठी सुधारायला करू नका.

तुमचा दुसरा प्रश्न, फारसी असेल तर वापरावा का. वापरा. तो शब्द मराठीचं व्याकरण पाळतो, यापेक्षा जास्त काय हवं? रस्ता, रस्त्याने, रस्त्यावर. तसंच शिरस्ता, शिरस्त्याने, शिरस्त्याप्रमाणे. शिवाजी महाराजांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे राज्य आपलं आहे तर भाषाही आपली हवी ही भूमिका होती, आणि ती रास्त होती. ('रास्त'ही फारसीच.) तरीही कागद, हिशेब, वकील, दप्तर, जमीन हे शब्द राहिले, कारण लोकांनी ते सोडले नाहीत. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला तो असल्याच राहून गेलेल्या शब्दांसाठी. आपण तर जोडशब्दांत त्यांची लग्नं लावून मोकळे झालो: कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज. अर्धं तिकडचं, अर्धं इकडचं, आणि संसार बरा चाललाय.

आता ती कोरी ओळ. खरं तर मला याच्यावरच लिहायचं होतं.

जावक बारनिशीचे रकाने आठवा. अनुक्रमांक, दिनांक, कोणास पाठवले, विषय, नस्ती क्रमांक. माझ्या वेळी उजवीकडे अगदी शेवटी आणखी एक अरुंद रकाना असे: टपाल तिकिटं, रुपये-पैसे. प्रत्येक पत्राला किती तिकिटं लागली ते तिथे लिहायचं. पान भरत आलं की शेवटच्या ओळीत त्या रकान्याची बेरीज मारायची, समोर लिहायचं 'पुढील पानावर', आणि नव्या पानाच्या पहिल्या ओळीत तोच आकडा 'मागील पानावरून'. महिनाअखेर शिल्लक तिकिटं मोजून हिशेब जुळवायचा. म्हणून ती ओळ नोंदीसाठी वापरायची नसे. नवीन माणसाला कुणी एवढं सांगत बसत नसे. "शेवटची ओळ सोड" म्हटलं की काम भागत होतं. पुढे तिकिटांचा हिशेब वेगळ्या वहीत गेला, छापील बारनिशीतून रकाना उडाला, बेरीज गेली. ओळ सोडायची तेवढी राहिली. माझ्यानंतर त्या टेबलावर आलेल्या मुलाला मीही तसंच सांगितलं होतं, "शेवटची ओळ सोड," आणि रकाना तेव्हा दोन वर्षांपूर्वीच गेलेला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर बिचारी ओळ पडली असती कोरी. पण नोंदवहीत कोरी ओळ निरुपद्रवी नसते. त्याच कचेरीत एकदा एक पत्र मुदतीत जायचं राहिलं. तीन आठवड्यांनी चौकशी आली, तेव्हा ते पत्र मुदतीच्या आदल्या दिवशीच रवाना झाल्याची नोंद निघाली. कुठे? पानाच्या शेवटच्या ओळीत. अनुक्रमांकाला 'अ' जोडलेला. वरच्या सगळ्या नोंदी निळ्या बॉलपेनच्या, आणि ही एकटी त्याच निळ्या रंगाची पण जेलच्या पेनची; मागच्या पानावर शाई किंचित उमटली होती, तिच्यामुळे सापडली. त्या दिवशी साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही ओळ कोरी का होती? मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मग यावर शिरस्त्याची सही घ्या."

म्हणून तुमच्या मुलीचा प्रश्न नुसता शब्दाचा नव्हता. बारनिशी आता तिच्या सहीने चालते. कोऱ्या ओळीत उद्या कुणी काही घुसडलं तर जाब तिला द्यावा लागेल, तुम्ही तोवर निवृत्त झालेले असाल.

तेव्हा करा असं. तुमच्या कपाटात खालच्या खणात जुन्या बारनिशा असतील. पंधरा-वीस वर्षं मागची एक काढा आणि तिच्यासमोर उघडा. तिकिटांचा रकाना आणि पानाखालची बेरीज दिसली, तर तिला दाखवा की हे कारण होतं. ज्या वहीत बेरीज पहिल्यांदा दिसेनाशी होते ते पानही शोधा. तिथे टोक तुटलंय. मग इथून पुढे ओळ भरायची की रिकाम्या जागेवर तिरपी रेघ मारून सही करायची, हे दोघांनी ठरवून साहेबांच्या कानावर घाला. मी रेघेच्या बाजूची.

तिलाही एक गोष्ट सांगा, कारण हुशार नवीन माणसं इथे हमखास घसरतात. एका ओळीचं कारण मेलेलं निघालं की त्यांना सगळ्याच जुन्या गोष्टी मेलेल्या वाटू लागतात. नोंद चुकली तर ती गिरवून काळी करायची नाही, एकच रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची, हाही तुमच्याकडे कुणी न समजावता चालत आलेला शिरस्ताच असेल. पण त्याचं कारण ठणठणीत आहे: खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, म्हणजे लपवलं असं कुणी म्हणायला नको. पानांना आधीच क्रमांक घालून पहिल्या पानावर एकूण पानांचा दाखला लिहायचा, तोही तसाच. फाडलेलं पान त्यामुळे कळतं. हे दोन तिला स्वतःहून सांगा, तिने विचारायच्या आधी. ३१ वर्षांत असे किती धागे तुमच्या हाताखालून गेले असतील, आणि १४ महिने काही फार नाहीत.

समज द्यावी का, हे तुम्ही विचारलंत. कचेरीत 'समज देणं' म्हणजे दम देणं, हाही मुळापासून भरकटलेलाच अर्थ. दम देऊ नका. तिने दुसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये पाहून तुम्हाला सांगितलं ते चारचौघांत सांगितलं असेल तर तिचं चुकलं, आणि तेवढं तिला एकटीला बाजूला घेऊन सांगायला हरकत नाही. पण तिने पाहिलं हे महत्त्वाचं. तिच्याआधी त्या टेबलावर बसलेल्यांपैकी किती जणांनी ती ओळ का सोडायची हे विचारलं? तुम्ही विचारलं होतं का? मी नव्हतं विचारलं.

शेजारच्या टेबलावरच्या दोघांचं म्हणाल, तर त्यांना एकदा सहज विचारा, फाइल म्हणजे काय.

आणि धाकट्या भावाला माझा निरोप द्या. फारसीतलं 'सर' आणि संस्कृतातलं 'शिरस्' ही खरोखरच एका घराण्यातली भावंडं आहेत, जुनी इराणी आणि संस्कृत या भाषा मुळात चुलत बहिणी. त्यामुळे शिर त्याने बरोबर ओळखलं. रस्ता तेवढा चुकला.